आबांनी न ओढलेली विडी

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साली मी धरणगावच्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन दर शनिवारी मुलांना ध्यानाला बसवायला येत. मुलं त्यांना आबा म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. सतरंजीवरच्या मुंग्या हलकी फुंकर घालून बाजूला केल्यावरच ते बसत. मुलांना श्वासाकडे बघायला सांगत आणि शेवटी, ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याचं भलं होवो, असं मनात म्हणायला लावत.

तास संपला की शिपाई त्यांना चहा देई. आबा बौद्धवाड्यातले, म्हणून त्यांचा कप वेगळा, खिडकीत ठेवायचा, असं मीच त्याला बजावलं होतं.

एका शनिवारी सातवीतल्या एका मुलीने सगळ्यांदेखत विचारलं, "सर, आबाना कप खिडकीमा काबर ठेवतस?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसून तिला म्हणाले, "मी बिडी पेस ना बेटी, कपले वास येस."

त्यांना कसलंही व्यसन नव्हतं.

मुलं गेल्यावर ते मला म्हणाले, "सर, मी पोरेससमोर खोटं बोलनू. आते त्यासले काय शिकाडू?"

ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या शनिवारी मुलांनी विचारलं, "विडी ओढतात म्हणून आबांना काढलं का, सर?"

मी मान हलवून हो म्हटलं. ती मुलं आता पन्नाशीला आली असतील, आणि अजूनही तेच खरं मानत असतील.