आतेसासूबाईंचा स्कार्फ

लखनौच्या महानगर भागात आमच्या आतेसासूबाईंना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण, आणि त्यांचा चेहरा पाहिलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. माझ्या बायकोची ही आत्या मूळची नागपूरची. सरकारी बँकेत बदली होऊन इकडे आमच्या घरी आली ती एक स्कूटी आणि पेटीभर स्कार्फ घेऊन. नागपूरच्या उन्हात बायका डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळल्याशिवाय गाडीला किल्ली लावत नाहीत हे खरं, पण आतेसासूबाईंनी तो धर्मासारखा पाळला. उन्हाळ्यात लू, हिवाळ्यात धुकं, मधल्या दिवसांत धूळ; कारण बारा महिने तयार. भाजीवाल्याशी घासाघीस स्कार्फमधून, कॉलनीच्या मीटिंगमधलं भाषणही स्कार्फमधूनच. एकदा मी भीत भीत म्हटलं, "आत्या, मीटिंग तर हॉलमध्ये असते."

"मग? हॉलमधले पंखे कोण पुसून राहिलं, जावईबापू?"

दुसरं वेड नियमांचं. रिकाम्या चौकातही लाल दिव्यापाशी त्या खांबासारख्या उभ्या राहत आणि मागची वाहनं ठणाणा करत. नियम चुकीचा असेल तर काय करायचं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तो सगळ्याईले लावून पाहायचा. आपोआप समजते."

हे मला नीट कळलं ते पार्कातल्या अभ्यासिकेच्या प्रकरणात. तिथे नकाब घालून येणारी एक मुलगी त्यांची फार लाडकी होती. ती न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करायची. घरी दोन खोल्यांत एवढी माणसं की पुस्तक उघडायला कोपरा नाही. संध्याकाळी अभ्यासिकेच्या पायरीवर दोघी आतेसासूबाईंच्या थर्मासमधला चहा पीत आणि भांडत.

"बेटा, मेरेको पूछेगी तो ये नकाब मत पहन."

"आंटी, आप भी तो वही लपेटे बैठी हैं."

"मेरा धूप के लिए है."

"और मेरा मेरे लिए है."

सूर्य मावळलेला असे, त्यामुळे आतेसासूबाईंची बाजू जरा लंगडी पडे. पण हटली दोघींतली एकही नाही.

पुढे ऐन थंडीत, मुलीची परीक्षा तोंडावर आलेली असताना, अभ्यासिकेच्या दारावर बोर्ड लागला : सुरक्षेसाठी चेहरा झाकून प्रवेश नाही. लावणारे कॉलनीचे सेक्रेटरीसाहेब, निवृत्त इंजिनियर. गार्डने मुलीला दारातून परत पाठवलं. ती आमच्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, "आंटी, मैंने कहा, किसी दीदी को बुला लीजिए, चेहरा दिखा दूँगी. मगर उन्हें देखना थोड़ी था." आतेसासूबाईंनी फक्त विचारलं, अभ्यासिका सकाळी किती वाजता उघडते. आमच्या घरात त्यांनी थंडपणे वेळ विचारणं म्हणजे धोक्याची घंटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुक्यात मुलीला स्कूटीवर मागे बसवून त्या अभ्यासिकेच्या दारात हजर. जावई म्हणून मीही मागोमाग.

"गार्ड भैया, मेरेको रोको."

"आपको तो हम पहचानते हैं, मैडम."

"चेहरा देखा है कभी?"

"नहीं. चाल से पहचानते हैं. हॉर्न से."

"और इस बेटी को?"

"रोज़ आती हैं, क्यों नहीं पहचानेंगे."

"फिर या तो दोनों अंदर, या दोनों बाहर."

बिचाऱ्याने दोघींना बाहेर ठेवलं. मग आतेसासूबाईंनी खुर्ची ओढून दारातच बैठक मारली. लखनौच्या जानेवारीत चेहरा उघडा ठेवून कोण फिरतो? पेपर वाचायला येणारे एकेक पेन्शनर कानटोपी, मफलर, वर मास्क अशा थाटात धुक्यातून उगवायचे, की या म्हणायच्या, "टोपी उतारिए, नियम है." एका आजोबांनी कवळी घरी राहिली म्हणून मफलर खाली करायला साफ नकार दिला. बघता बघता आतल्या खुर्च्या रिकाम्या आणि बाहेर ही गर्दी.

शेवटी खुद्द सेक्रेटरीसाहेब आले. कानटोपीतून फक्त नाक दिसत होतं.

"मैडम, हमारा मतलब आप लोगों से नहीं था."

"साहब, बोर्ड पर मतलब नहीं, नियम लिखा है. टोपी उतारिए."

साहेबांनी टोपी काढली आणि सणसणीत शिंकले. मागून कवळीवाले आजोबा म्हणाले, "पहले बोर्ड उतारिए, फिर हमारी टोपी."

बोर्ड साहेबांनी स्वतःच्या हाताने उतरवला. कोणाची शंका आलीच तर बाईने आडोशाला नेऊन चेहरा पाहावा, हेही आतेसासूबाईंनी तिथल्या तिथे ठरवून घेतलं. मग ती मुलगी सगळ्यांच्या पुढून आत गेली, पेन्शनरांनी बाजूला होऊन तिला वाट दिली, आणि आतेसासूबाईंनी हॉर्न वाजवत पार्काला विजयी फेरी मारली. मला इतका अभिमान वाटला की थंडी विसरलो. मुलगी ती परीक्षा पास झाली. मग कोर्टात नकाबाचं काय करणार, यावर दोघींचं नवं भांडण सुरू झालं.

मागच्या उन्हाळ्यात आतेसासूबाई निवृत्त होऊन नागपूरला परत निघाल्या. चारबाग स्टेशनवर, गाडीतच बसायचं म्हणून, स्कार्फ पर्समध्ये. सेक्रेटरीसाहेब रेवडीचा डबा घेऊन आले आणि आत्याबाईंच्या उघड्या चेहऱ्यासमोरून दोनदा तसेच पुढे गेले. आत्याबाई नुसत्या हसत राहिल्या. मग फलाटावरच्या बुरख्यांच्या गर्दीकडे पाहून म्हणाल्या, "ते पाहा, आली माझी पोरगी." मला सगळे बुरखे सारखेच दिसत होते. त्यातला एक धावत आला, त्यांच्या गळ्यात पडला आणि साहेबांना म्हणाला, "अंकल, ये रहीं आंटी." साहेब डबा हातात धरून बघतच राहिले.

गाडी हलली. खिडकीतून लूचा झोत आला, तसा आतेसासूबाईंनी सवयीने स्कार्फ काढून चेहऱ्याभोवती गुंडाळला. तेव्हा साहेबांनी हात वर केला. "हाँ, अब पहचाना," ते म्हणाले, आणि डबा सांभाळत खिडकीमागे धावू लागले.