मंजुळाबाईंचा जोड

कोपरीत रिक्षा स्टँडच्या मागे मंजुळाबाईंचा गाळा होता. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन' आणि आत पदर खोचून वायरी सोलणारी कोळीण. नवा माणूस हमखास विचारायचा, "मिस्त्री कुठायत?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "समोर बसलेत. बोला." वडील गोमाजी होडीच्या इंजिनांची कामं करायचे, तिथेच ही शिकली. आई जनाबाईने मासळीची पाटी घेऊन बाजारात बस म्हणून लाख सांगितलं, पण ही ऐकेल तर शपथ.

१९९८ साली मेहुण्याने सिंगापूरहून आणलेली दहा वर्षांची गाडी माझ्या गळ्यात मारली. इंजिन तापलं की ती आचके द्यायची. मंजुळाबाईंनी इंजिनाची उष्णता मोजणारा सेन्सर बदलला. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा आचके. मी नौपाड्यातला शहाणा माणूस. बाईंना न विचारता गाडी शीळफाट्याजवळच्या एका बड्या गॅरेजात नेली.

तिथल्या मॅनेजरने गाडीला स्कॅनर लावला. इंजिन तापत होतं, पण पडद्यावरचा उष्णतेचा आकडा चांगला दहा-दहा सेकंद हलत नव्हता.

"त्या बाईने मंद सेन्सर बसवलाय," मॅनेजर म्हणाला. "त्यापायी इंजिनाचा कॉम्प्युटरही गेला. दोन्ही बदलावे लागतील."

मी मान डोलावली आणि नवे भाग येईपर्यंत गाडी तिथेच ठेवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कोपरीतल्या चहाच्या टपरीवर मी तेच मीठमिरची लावून सांगितलं. आठवड्याभरात रिक्षावाले बाईंचा गाळा टाळून पुढे जायला लागले.

मंजुळाबाई थेट माझ्या दारात आल्या. "साहेब, माझं नाव पाठीमागं घेतलंत. आता चला, माझ्या तोंडावर घ्या."

शीळफाट्याच्या त्या गॅरेजात त्यांनी थंड इंजिनातून सेन्सर काढला, त्याला मीटर जोडला आणि सेन्सर कढत पाण्याच्या ग्लासात धरला. काटा लगेच सरकला.

"ह्यो मंद?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

सेन्सर परत बसवून त्यांनी इंजिन चालू करायला लावलं आणि स्कॅनर हातात घेतला. पडद्यावर वीस गोष्टींचे आकडे होते.

"येवढं सगलं एकदम कशाला इचारता? जुनी गाडी हाय, सावकाशच बोलनार. माझ्या आईच्या पाटीसमोर वीस बायांनी एकदम भाव इचारला, तर शेवटच्या बाईला कवा कळनार? एकच इचारा."

बाकीचे एकोणीस आकडे बंद केले. उष्णतेचा आकडा भराभर बदलायला लागला. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

बाई जिंकल्या होत्या. त्यांनी तिथेच बोनेट बंद करायला हवं होतं. पण इंजिन चांगलं तापल्यावर त्या सेन्सरकडे जाणारी वायर बोटाने हलवत राहिल्या. एका ठिकाणी आकडा, तार तुटल्यासारखा, धाडकन उणे चाळीसवर गेला आणि गाडीने आचका दिला. आकडा आधीसारखा रेंगाळत असता तर हे कुणाला दिसलंच नसतं. बाईंनी तिथली टेप सोलली. आत दोन तारांचा जोड हिरवा पडून सैल झाला होता.

मॅनेजर लांब उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं. मलाही नाही. बाईंनी ती वायर वर धरली.

"ह्यो जोड माझ्या हातचा, सेन्सर बदलला तवाचा. सोल्डर करायला पायजे होता. मी नुसता पिळून टेप मारली."

मॅनेजरच्या जिवात जीव आला. "म्हणजे चूक तुमचीच की."

"माझीच," बाई म्हणाल्या. "पन तुमी माझ्यावर लावली ती नाय. सोल्डरगन आना."

त्याच गॅरेजात, त्यांच्याच सोल्डरगनने त्यांनी जोड पक्का केला. निघताना माझ्याकडे वळल्या. "आता टपरीवर जावा साहेब. सेन्सरचं सांगा, आनि जोडाचंबी सांगा. माझी चूक झाकायची नाय."

मी गेलो. दोन्ही सांगितलं. आणि तिसरी चूक माझी होती, तीही सांगितली.