दादांच्या नावाचा रंग

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं त्यांनाही नाही. दादांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल — किंवा मध्येच थांबवून काही विचारू शकत नाही म्हणून. भित्र्या माणसाला असलाच ऐकणारा लागतो.

आधी दादांबद्दल. दादा म्हणजे माझे वडील. पिशोरकडचं आमचं घर मेंढरं राखणारं. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झाली, पण कळपातली कुठली मेंढी कुणाची लेक, हे चेहरा बघून सांगायचे. शहरात शहागंजच्या बाजारातल्या व्यापाऱ्याशी मागच्या साली काय बोलणं झालं, ते शब्दन्‌शब्द म्हणून दाखवायचे. जमीन नव्हती, गाठीला काही नव्हतं. आपलं ध्यान पक्कं आहे, एवढाच काय तो त्यांचा ताठा. हे जरा लक्षात ठेवा. मी नेमका त्यालाच हात घातला.

आई गेली आणि मी त्यांना शहरात आमच्या फ्लॅटवर आणलं. आता इथं एक कबूल करतो — खरी कबुली ही नव्हे, ती पुढे आहे. सोसायटीत मी सांगून ठेवलं होतं की पिशोरला आमची आल्याची शेती आहे. बागायती. कुणी विचारलंही नव्हतं. शेजारचे देशमुख त्यांच्या मोसंबीच्या बागेचं कौतुक सांगत होते आणि माझ्या तोंडून आपलं निघून गेलं. बोललेलं खोटं पाळलेल्या जनावरासारखं असतं, त्याला रोज चारापाणी बघावं लागतं. बायकोला ते आवडत नसे. दादांच्या कानावर मी ते कधी जाऊच दिलं नाही.

तो टँकरचा उन्हाळा होता. नळाला आठ आठ दिवस पाणी नाही, टँकरचा भोंगा वाजला की अख्खी सोसायटी खाली. सगळीकडे पाण्याचंच बोलणं, म्हणून सोसायटीची स्मरणिकाही पाण्यावरच काढायची ठरली. संपादक मी. क्रांती चौकातल्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसायचो, आणि नवं काही अपडेट आलं की पहिला उडी मारणारा मीच. एक ऑनलाइन डॉक्युमेंट उघडलं, लिंक ग्रुपवर टाकली — ज्यानं त्यानं आपली आठवण थेट त्यातच लिहावी. कोण कुठं लिहितंय ते रंगीत रेघेनं दिसतं, रेघेवर माणसाचं नाव असतं, हे मी लोकांना हौसेनं दाखवत फिरलो. त्यातच मराठीत बोललं की आपोआप टाइप होण्याची सोय आली. ती मी टॅबवर दादांना लावून दिली. प्रेमानं? तसं म्हणवत नाही. म्हातारं माणूस दिवसभर गप्प बसून असतं, तेवढाच विरंगुळा. चार ओळी बोलतील आणि कंटाळतील असं वाटलं होतं.

ते कंटाळले नाहीत. दुपारी गॅलरीत बसून माइकचं चित्र दाबायचे आणि बोलायचे. त्यांची बोली यंत्राला नीट कळायची नाही. मग तेच वाक्य पुन्हा, सावकाश, शहरातल्या माणसासारखं बोलायचे. आपण बोलतो ते समोर उमटतं, याचं त्यांना लई नवल. 'आमच्यासारख्यांचं बी लिवून घेतंय,' म्हणाले होते एकदा.

एका दुपारी मी ऑफिसात ते डॉक्युमेंट उघडून बसलो होतो. जांभळी रेघ पुढे सरकत होती, तिच्यावर दादांचं नाव. एकेक शब्द येत होता. 'ज्या टाकीचं पाणी आपण सगळे पितो, त्या टाकीच्या पायाची माती माझ्या बायकोनं डोक्यावर वाहिली. दुष्काळात मेंढरं शहागंजात विकली आणि आम्ही इथं मजुरीला आलो. पोरगा माझा खडीच्या ढिगावर झोपायचा.'

पोरगा म्हणजे मी. टाकी म्हणजे आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरची, आता जिच्याखाली टँकर भरायला रांग लागते ती.

आणि त्याच वेळी खालच्या पानावर एक हिरवी रेघ होती — देशमुख. ते मोसंबीवर लिहीत होते. जरा वर सरकले असते की माझ्या आल्याच्या शेतीचं खोटं उघडं पडलं असतं. बाजूला नुसती टीप टाकता आली असती — 'दादा, हे नको' — तीही सोय होतीच. पण टीप सगळ्यांना दिसते, आणि टिपेखाली माझं नाव आलं असतं. मी त्या ओळी निवडल्या आणि खोडल्या.

जांभळी रेघ थांबली. मग मागं गेली. पुन्हा पुढं आली. वर गेली, खाली आली. माझा बाप आपलं वाक्य शोधत होता, आणि मी क्रांती चौकात खुर्चीवर बसून ते बघत होतो. इथवर यायला मला एवढं बोलावं लागलं — पण हेच ते. आणि तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ... नाही, थांबलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी पुन्हा खोडलं.

संध्याकाळी त्यांनी टॅब माझ्यापुढं धरला.

"आरं, टाकीचं लिवलं व्हतं ना मी इथं?"

"नाय दादा. मनात बोलले असाल तुमी. इथं तर काय नाय."

ऑफिसातली माझी भाषा किती साफ आहे म्हणून सांगू. पण त्या क्षणी घरची बोली आपसूक आली. खोटं खरं वाटावं म्हणूनच आली असेल ना?

त्यांनी बोटानं पान वर-खाली सरकवून पाहिलं. "आसंल," म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. ते बोलायचे, मी खोडायचो, ते विचारायचे, मी नाही म्हणायचो. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते मला बरं वाटलं. छापून आलेल्या स्मरणिकेत त्यांच्या नावाखाली दोन ओळी आहेत — पूर्वीची माणसं पाणी जपून वापरत. त्या मी लिहिल्या.

शहागंजात त्यांचा एक जुना सोबती होता, त्याला भेटायला ते एकटे जायचे. ते बंद झालं. रस्ता चुकलो तर, म्हणाले. घराची किल्ली स्वतःहून माझ्या हातात दिली. बायको घाबरली, आम्ही डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी मलाच विचारलं, काय काय विसरतात? दादा शेजारीच बसले होते, हात गुडघ्यावर ठेवून. मी म्हणालो, लिहिलं नसलं तरी लिहिलंय असं वाटतं त्यांना. दादांनी मान हलवली. माझ्या बाजूनं साक्ष दिली त्यांनी.

काही काळानं नवं अपडेट आलं — कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, तो बदल कुणी केला ते दिसेल. दरवेळी ग्रुपवर पहिला ओरडणारा मी, त्या दिवशी गप्प. घरी जायच्या आत त्या डॉक्युमेंटमधून दादांचं नाव काढून टाकलं. त्यांना ते उघडेना. पासवर्ड बी ध्यानात ऱ्हाईना आता, असं ते सुनेला म्हणाल्याचं मी आतल्या खोलीतून ऐकलं. पासवर्ड त्यांना कधी लागतच नव्हता.

दिवाळीत मी ते जुनं डॉक्युमेंट उघडलं. जुनी रूपं त्यात एकाखाली एक राहिलेली असतात. त्या दुपारचं काढलं. सगळं तिथंच होतं — जांभळ्या रंगात त्यांचं बोलणं, कडेला त्यांचं नाव, आणि पुढच्या रूपात त्याच शब्दांवर माझ्या रंगाची काट. मी आधीचं रूप परत आणलं, अक्षर मोठं केलं. मग कडेची ती नावं-रंग दाखवणारी पट्टी बंद केली. हो, बंद केली. आणि टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला.

बोट ठेवून ठेवून त्यांनी वाचलं. टाकी, आई, खडीचा ढीग. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं आता वर बघतील आणि म्हणतील, हे तर माझं. त्यांनी वर बघितलं. डोळे भरलेले.

"तू लिवलंस व्हय रे हे, माझ्या तोंडी घालून? मला वाटायचं, तुला लाज वाटती आमची."

पट्टी उघडायला एक बोट पुरलं असतं.

मी म्हणालो, "व्हय दादा."

आता ते खाली बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवतात. देशमुखांनाही दाखवलं. माझ्या पोरानं लिहिलंय म्हणतात.