बिनखिळ्यांचं माहेर

आमच्या शहरात आलेला पाहुणा आधी गड चढतो. गडावर तोफा आहेत, तळघरात दारूची पिंपं आहेत, पेंढा भरलेलं अस्वल आहे आणि कैद्यांच्या बेड्या आहेत. त्या बेड्या हातात धरून फोटो काढल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही. मग पाहुणा गडामागच्या उतारावर येतो. तिथे डोंगरातल्या खेड्यांमधून उचलून आणलेली जुनी घरं, पाणचक्की, लोहाराची भट्टी अशी जणू एक वस्तीच मांडून ठेवली आहे. तोवर पाहुण्याचे पाय बोलायला लागलेले असतात आणि पोरं आइस्क्रीमसाठी भोकाड पसरतात. सगळ्यात शेवटी, सफरचंदाच्या झाडांपलीकडे, एक लाकडी चर्च आहे. तिथे हाफिया बसते.

हाफिया साठीची. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. आत शिरणाऱ्याला ती आधी च्युइंगम थुंकून यायला लावते. संग्रहालयात सगळीकडे 'हात लावू नये' अशा पाट्या आहेत, पण हाफियाचा कारभारच उलटा. ती पाहुण्याचं मनगट धरते आणि त्याचा तळवा भिंतीच्या कोपऱ्यावर ठेवते. तिथे दोन ओंडके एकमेकांत असे बसलेत की मधून कागदसुद्धा जाणार नाही.

"शोधा," ती म्हणते. "एक खिळा शोधून दाखवा."

पाहुणा हसतो, चाचपतो, वाकून बघतो. पायापासून थेट मनोऱ्यापर्यंत लाकडात लाकूड अडकवलेलं, कुठे लाकडीच खुंटी ठोकलेली. मग तो मान वर करतो. एकावर एक तीन छपरं, मासळीच्या खवल्यांसारख्या हजारो लाकडी फळकुटांची, पावसाने काळी आणि उन्हाने रुपेरी झालेली. त्यावर मनोरा, आणि मनोऱ्यामागे आमचे डोंगर. बडबडा माणूससुद्धा इथे गप्प होतो. हाफिया ती शांतता डोळे भरून बघून घेते. इतक्या वर्षांत तिला त्या शांततेचा कंटाळा आलेला नाही.

कारण हे चर्च तिच्या माहेरचं आहे. कौतुकाने म्हणतात तसं नव्हे, खरोखरचं. डोंगरातल्या स्मेरेचीन गावात ते अडीचशे वर्षं उभं होतं आणि हाफियाचा बाप्तिस्मा त्यातच झाला, तोही लपूनछपून, कारण तेव्हा सरकारने चर्चला कुलूप ठोकलं होतं. पुढे सामुदायिक शेतीवाल्यांनी आत गवत भरलं. छप्पर गळायला लागलं. मग वरून हुकूम आला की हे मोडून जळण करा, नाहीतर शहरातल्या संग्रहालयाला द्या.

गाव म्हणालं, दोन्ही नको. कुलूप असू दे, गळू दे, पण आमच्या डोळ्यांसमोर असू दे. बायका फाटकात आडव्या पडल्या. सुतार एकच होता, हाफियाचा बाप ओलेक्सा. आम्ही बापाला न्यान्को म्हणतो, तीही म्हणायची. न्यान्को दोन दिवस चर्चभोवती फेऱ्या मारत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने शिडी लावली, वर चढला आणि पहिलं फळकूट स्वतःच्या हाताने काढलं. खाली त्याची आई उभी होती आणि धाकटी बहीण वेरोना होती.

हाफिया तेव्हा शाळकरी पोर. तिला आठवतं ते असं की न्यान्को प्रत्येक ओंडक्यावर कुऱ्हाडीच्या टोकाने खूण पाडायचा, कोणता कोणावर बसणार त्याची, आणि मगच तो हलवू द्यायचा. दोरांनी मनोरा उतरवला तेव्हा पुरुषांनी टोप्या काढल्या. संध्याकाळी ओंडके गवतावर ओळीने निजवलेले होते आणि जिथे चर्च होतं तिथे नुसतं आभाळ होतं. इतकं आभाळ तिने त्या जागी कधी पाहिलं नव्हतं. ती घाबरून घरी पळाली होती.

आमच्याकडे उंबरठा ओलांडताना 'येशू ख्रिस्ताचा गौरव असो' म्हणायचं आणि आतल्याने 'युगानुयुग असो' असं उत्तर द्यायचं. उत्तर आलं की आत जायचं. भांडण असो, कोर्टकचेरी असो, हे उत्तर कोणी अडवत नाही, कारण ते माणसाला नसतं, देवाला असतं. त्या दिवसापासून आई आणि बहिणीने न्यान्कोला उत्तर देणं बंद केलं. तो रोज संध्याकाळी आईच्या दारात जायचा, गौरव असो म्हणायचा, थांबायचा आणि परत यायचा. आई वारली तोवर हेच चाललं. वेरोनाने पुढेही चालवलं. एकाच गावात, एकाच विहिरीवर, चाळीसहून जास्त वर्षं.

शहरात चर्च पुन्हा उभं केलं तेही न्यान्कोनेच. अख्खा उन्हाळा तो इथे ओंडक्यांवर ओंडके चढवत होता. पण छप्पर पुरं झालं त्या दिवशी हत्यारं पिशवीत भरून तो गावी गेला, तो पुन्हा फिरकला नाही. हाफिया लग्न होऊन शहरात आली आणि पहिल्यांदा या उतारावर आली तेव्हा ती वाटेतच थांबली. मेलेलं माणूस अचानक बाजारात भाजी घेताना दिसावं, तसं ते चर्च झाडांमधून तिच्याकडे बघत होतं. ती तिथेच गवतावर बसली आणि पोटभर रडली. मग कार्यालयात जाऊन म्हणाली, "झाडू मारायला द्या, काहीही द्या, पण तिथे द्या." नवरा गेल्यावरसुद्धा ती त्या चर्चमुळे उभी राहिली, असं तीच सांगते.

राजवट बदलली तेव्हापासून वर्षातून एकदा, पोक्रोवाच्या दिवशी, म्हणजे मरियेने आपला पदर लेकरांवर धरला त्या सणाला, इथे पूजा होते. स्मेरेचीनचे लोक बस करून येतात. म्हाताऱ्या आधी भिंतींना मिठ्या मारतात आणि मग प्रार्थनेला लागतात. न्यान्को कधी आला नाही.

"मेंढ्यांना कोण बघणार?" तो म्हणायचा.

"न्यान्को, मेंढ्या विकून दहा वर्षं झाली."

"मग कुत्र्याला कोण बघणार?"

पण त्या वर्षी न्यान्को डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी शहरात लेकीकडे आला. एक डोळा कायमचा गेला होता. दुसऱ्याचा मोतीबिंदू काढला, पण डॉक्टर हाफियाला बाजूला घेऊन म्हणाले की हाही फार दिवसांचा सोबती नाही, जे दाखवायचं ते लवकर दाखवा. जे चर्च या माणसाने ओंडका ओंडका करून हातांनी उचललं, ते तो आंधळा होण्याआधी एकदा आतून बघणार की नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळायला लागलं. जेवताना ती बानोश वाढायची, त्यावर मेंढीचं चीज कुस्करायची आणि विषय काढायची. न्यान्को मक्याच्या त्या घट्ट पेजेत नाक खुपसून बसायचा.

शेवटी एकदा तो चमचा ठेवून म्हणाला, "पोरी, दारात देवाचं नाव घ्यावं लागतं. सगळं गाव आत. मी नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही, तर? आईच्या दारातून परत आलो, ते मी सोसलं. या दारातून परत यायचं बळ नाही माझ्यात."

हाफियाने बेत काढला. पूजा सुरू झाल्यावर जायचं. सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे, तोंडं वेदीकडे, गाणं चालू. कोणाला कळायच्या आत मागे उभं राहायचं आणि शेवटच्या आमेनआधी निघायचं. न्यान्को बराच वेळ मिशी ओढत बसला आणि मग म्हणाला, "बरं. पण मागेच."

पोक्रोवाच्या सकाळी हाफियाने लवकर जाऊन दार उघडलं, जमीन झाडली, घरी येऊन न्यान्कोला टोपी-कोट चढवला. पूजा दहाची. सव्वादहाला दोघं उतारावर पोचली, तर तिथे चिटपाखरू नाही. बस नाही, गाणं नाही. सफरचंदं तेवढी गवतावर पडलेली.

आता आमच्याकडे वेळा दोन असतात, हे सांगायला हवं. एक राजधानी कीव्हची, सरकारी. दुसरी आपली, तासभर मागे, आजोबांच्या घड्याळातली. रेल्वे, बँक आणि संग्रहालय कीव्हच्या वेळेने चालतात. लग्नं, बारशी, गाई-म्हशी आणि देव आपल्या. म्हणून इथे कोणी वेळ सांगितली की शहाणा माणूस आधी विचारतो, कुठली? एरवी या दिवशी हाफिया सकाळपासून दारातच असायची, म्हणून वेळेशी तिला काम नव्हतं; आणि इतकी वर्षं ती संग्रहालयाच्या घड्याळावर जगली होती की फादरना विचारायचंच विसरली.

"कुठले दहा धरलेस?" न्यान्कोने विचारलं.

हाफियाने कपाळावर हात मारला.

"शाब्बास," न्यान्को म्हणाला. "पोरगी शहरात दिली, ती कीव्हची झाली."

"चला, तोवर बाकावर बसू."

पण न्यान्को ऐकत नव्हता. त्याने मान वर केली होती. सकाळचं ऊन तिन्ही छपरांवर पडलं होतं आणि दव सुकताना त्यांतून वाफ निघत होती, जणू चर्च श्वास घेत होतं. न्यान्कोने टोपी काढली. किती वेळ तो तसा उभा होता कोण जाणे. मग तो हळूहळू भिंतीशी गेला आणि एक हात लाकडावरून ओढत पूर्ण फेरी मारून आला. प्रत्येक कोपऱ्याशी थांबला. खुणा अजून होत्या. हाफियाने हजारोंचे हात त्या लाकडावर ठेवले होते, पण या हाताखाली ते लाकूड तिला वेगळंच दिसलं. ओळखीच्या जनावराने धन्याला अंग द्यावं तसं. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

फेरी संपली ती दाराशी. दार उघडंच होतं. आत अंधार, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. आत कोणी नाही, म्हणजे उत्तर न यायची भीतीही नाही, हे न्यान्कोच्या मनात आलं असेल. तो उंबरठ्याशी उभा राहिला आणि रोज म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, "येशू ख्रिस्ताचा गौरव असो."

आत एक फळी करकरली.

बायकांच्या भागात, खांबाशी, काळ्या रुमालातली एक बाई उभी होती. वेरोना आत्या. आदल्या दिवशी ती शहरातल्या नातीकडे उतरली होती, आणि नातही कीव्हच्याच वेळेने जगणारी, तिने आजीला तासभर आधी आणून सोडलं होतं. न्यान्कोला अंधारातलं दिसलं नसेल, पण फळीचा आवाज ऐकून तो जागच्या जागी थिजला. हाफियाने त्याची बाही धरली. आता आत्या पाठ फिरवणार आणि आपल्या चुकीपायी न्यान्कोला या दारातूनही परत जावं लागणार, या विचाराने तिने बाही आणखी घट्ट धरली.

आत्याने पाय हलवला. फळी पुन्हा करकरली.

"ओलेक्सा," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांत तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. "ही आईच्या पायाखालची."

"हो."

"मी इतकी वर्षं येतेय. गर्दीत, गाण्यात कधी ऐकू आली नाही. आज एकटी आहे म्हणून ऐकली. पूजा लांबली की आई मुद्दाम वाजवायची."

"तशीच होती. तशीच बसवली."

"मला वाटायचं, तू वरून सांगाडा जुना ठेवलास आणि आत सगळं नवं ठोकलंस."

"मी काहीच नवं केलं नाही, वेरोना."

बाहेर एक सफरचंद पडलं.

"आई उत्तर द्यायची तुला," आत्या एकदम म्हणाली.

न्यान्कोने दाराची चौकट धरली.

"तू पायऱ्या उतरून गेलास की द्यायची. रोज. अगदी हळू. देवाचं नाव रिकामं जायला नको, म्हणायची. मरायच्या दिवशीसुद्धा दिलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं. मला राग होता," आत्या म्हणाली. "आई द्यायची तेव्हा मी कान झाकून बसायचे."

न्यान्कोचे खांदे हलायला लागले. हाफियाने आपल्या बापाला रडताना कधीच पाहिलं नव्हतं, आजीच्या मातीलाही नाही. तो परत वळेल की काय म्हणून ती त्याच्या मागे भिंतीसारखी उभी राहिली. पण तो वळला नाही. हातातली टोपी छातीशी धरून, पहिलं म्हटलंच नव्हतं असं समजून, तो पुन्हा म्हणाला, "येशू ख्रिस्ताचा गौरव असो."

"युगानुयुग असो," वेरोना आत्या म्हणाली आणि त्या फळीवरून बाजूला सरून तिने भावाला जागा करून दिली.