ढेकळांच्या समुद्रावरची गस्त

बैलगाडी थांबली की तिच्या चाकांखाली दगड सारायचे नसतात, हे मला सासुरवाडीत कळलं. तोवर मी बरीच वर्षं नौदलाच्या विमानांच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सारत आलो होतो. विमान उतरलं, पंखा थांबला, की धावत जायचं आणि ठोकळे लावायचे. हे काम हात करायचे, डोक्याला विचारत नसत. त्या दिवशी मेव्हण्यांची गाडी राहात्याच्या बाजाराहून येऊन अंगणात थांबली आणि माझ्या हातांनी चुलीसाठी आणलेले दोन धोंडे उचलून चाकांखाली घातले. मेव्हण्यांनी अर्धं सामान उतरवलं, पुन्हा गाडीवर चढले, बैलांना हाकारलं. बैलांनी जोर लावला, गाडी धोंड्यांवरून उसळली आणि मेव्हणे पेंडीच्या पोत्यासकट मागच्या मागे अंगणात.

नशीब माझं, धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या महिन्यात जावई देवाच्या खालोखाल असतो. एरवी चाबूक माझ्या पाठीवर पडला असता.

मेव्हणे धूळ झटकत उठले. माझ्याहून वयानं मोठे, मिशीनं त्याहून मोठे. "दाजी," ते म्हणाले, "नेव्हीनं येवढंच शिकिवलं व्हय? चाकाखाली धोंडं घालाया?"

मी हसलो, कारण खरंच तेवढंच शिकवलं होतं.

एकाहत्तरचं युद्ध संपून चार-पाच महिने झाले होते. पाऊस आदल्या वर्षीच दगा देऊन गेला होता. तरी सासूबाईंनी गूळ-तूप कुठून पैदा केलं होतं देव जाणे. संध्याकाळी ओसरीवर भाऊबंद जमले, आणि लढाईवरून आलेल्या जावयाकडून ऐकायला बसले. आता माझी पंचाईत. मी होतो समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांच्या तुकडीत, आणि त्या तुकडीचा इतिहास म्हणजे पाणी बघण्याचा इतिहास. विमानं फ्रान्सहून आलेली, जहाजावर मावावीत म्हणून पंख दुमडणारी. आत तीन माणसं. तासन्‌तास समुद्रावरून फिरायचं आणि पाणबुडीची नळी पाण्याबाहेर डोकावते का ते शोधायचं. नळी केवढी? पितळी तांब्याएवढी. आमचा वरिष्ठ नव्या पोरांना तुकडीचा सगळा इतिहास एका दमात सांगायचा: "उडालो, बघितलं, काही नव्हतं, उतरलो." पुढे म्हणायचा, "काही नव्हतं हे सांगणं सगळ्यांत अवघड. त्या शब्दावर मागून जहाजं येतात."

हे मी माझ्या परीनं सांगितलं. ओसरीवर कुणी तंबाखू मळायला लागलं, कुणी जांभई दिली.

"म्हंजी चकरा मारायच्या," मेव्हणे म्हणाले. "आमच्या नगरला रणगाडं हायती, त्येला म्हना लष्कर. तुमचं म्हंजी घारीवानी फिरायचं आन्‌ घरी यायचं जेवाया."

ओसरी हसली. मीही हसलो, स्वतःवर हसायची मला पहिल्यापासून सवय. मग ते म्हणाले, "आन्‌ त्यात बी एक इमान हरवलं म्हनं तुमचं? वाट चुकलं आसंल. पान्यावर पाटी कुठं लावलेली आसती!"

ओसरी आणखी मोठ्यानं हसली. तेव्हा मात्र मी हसलो नाही.

त्या विमानाच्या चाकांखालचे ठोकळे मी काढले होते. आतल्या तिघांपैकी एकानं वर चढताना माझ्याकडची काडेपेटी मागून घेतली होती, आल्यावर देतो म्हणाला होता. विमानाची यायची वेळ झाली तसा मी ठोकळे घेऊन उभा राहिलो. अंधार पडला तरी उभा होतो. शेवटी कुणीतरी येऊन ते माझ्या हातातून काढून घेतले. तुकडीच्या इतिहासातला 'उतरलो' हा शेवटचा शब्द त्या दिवशी गळाला.

हे ओसरीवर सांगण्यासारखं नव्हतं. मी पानाला चुना लावत बसलो आणि मनाशी ठरवलं: या माणसाला सोडायचं नाही. मी तसा भित्रा आहे. मारामारीत माझा हात कधी वर गेलेला नाही, आणि मेव्हण्यांचं मनगट माझ्या पोटरीएवढं होतं. पण जावयाच्या हाती एक हत्यार असतं: रुसणं.

दुसऱ्या दिवशी पंगत मांडली. पाट, रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, ताम्हनात तेहतीस अनारसे, त्यावर दिवा. मी पाटावर बसलो आणि ताट पुढे सारलं.

"जेवत नाही."

सासरे घाबरले. "का हो जावईबापू? काय राह्यलं का?"

"एक मागणं आहे मामा."

मागच्या धोंड्याला थोरल्या साडूंनी सायकल मागितली होती. सासऱ्यांच्या कपाळावर आठी चढली.

"सायकल नको. सकाळी मामींचा पितळी तांब्या मळ्याकडे नेलाय. नांगरटीत असेल कुठेतरी. मेव्हण्यांनी माळ्यावर बसून तो शोधायचा. खाली उतरायचं नाही. सापडला तर मी जेवतो. नाहीच तिथं, असं छातीठोक सांगितलं तरी जेवतो."

"तरीच म्हनलं तांब्या कुठं गेला!" सासूबाई आतून ओरडल्या.

"येवढंच?" मेव्हणे मिशीवर हात फिरवत उठले. "ताट झाकू नगा, आलोच."

पाखरं राखायचा माळा बांधाला होता. समोर नांगरून टाकलेली काळी जमीन, पावसाची वाट बघत ढेकळं वर करून पडलेली. उन्हाळ्याच्या भर उन्हात तिच्यावरून वाफा उठतात आणि सगळं रान हलायला लागतं, अगदी लाटांसारखं. ते मी येतानाच बघून ठेवलं होतं.

पहिल्यांदा मेव्हणे लगेच ओरडले, "त्यो बगा!" सासरे धोतर सावरत गेले, ते पत्र्याचं डबडं निघालं. दुसऱ्यांदा कावळा निघाला. तिसऱ्यांदा जिथं बोट दाखवलं तिथं काहीच नव्हतं, नुसतं ऊन चमकत होतं. मग ओरडणं बंद झालं. मेव्हणे डोळे चोळत राहिले, उपरणं डोक्यावर, घाम मिशीवर. भाऊबंद बांधावर जमले आणि हसायला लागले, आज त्यांच्याकडे बघून. मला ते हसू अनारशाहून गोड लागत होतं, खोटं कशाला बोलू.

"घारीवानी फिरायचं नाही का थोडं?" मी खालून विचारलं.

त्यांनी एक शिवी दिली. ती जावयाला देतात त्यातली नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा वरून आवाज आला, घोगरा. "न्हाई तिथं काय. तांब्या न्हाईच."

"नक्की?"

"नक्की."

"मेव्हणे, तुमच्या या शब्दावर मागून जहाज येणार. भरलेलं, माणसांनी. सांगा, येऊ द्यायचं?"

माझ्याकडे पाठ फिरवून मेव्हणे पुन्हा नांगरटीकडे बघायला लागले, एका कडेपासून, सावकाश. बांधावर आता कुणी हसत नव्हतं. मला एवढंच हवं होतं.

मी एका पोराला पिटाळून घरून माझी पिशवी आणवली, तिच्यातला तांब्या काढला, पाण्यानं भरला आणि माळ्याखालून वर धरला. तो पिशवीतून मळ्यापर्यंत गेला होता आणि तसाच परत आला होता. मेव्हणे उतरले, घटाघटा प्यायले, तोंड पुसलं.

"दाजी," ते म्हणाले, "तुमी लई नीच मानूस हाय."

"आहेच."

माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. पण त्यानंतर विमान वाट चुकल्याचा विनोद त्या ओसरीवर कुणी केला नाही. मी गार झालेले धोंडे पोट फुटेस्तोवर खाल्ले आणि विजयी वीरासारखा कलंडलो. बायको पान घेऊन आली. भावाचं असं केल्याबद्दल आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"दादाची जिरवलीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण तो वर होता तोवर तुम्ही का उन्हात उभे होता? बाबा दोनदा सावलीत बोलवायला आले, तुम्हाला ऐकूसुद्धा गेलं नाही. तो उतरेपर्यंत त्याच्यावरची नजर हलली नाही तुमची." मग पान माझ्या हातात ठेवलं आणि उठता उठता म्हणाली, "आणि गाडीखाली परत धोंडे घालून ठेवलेत. मी काढलेत."