स्पिरिटनं पुसलेली अक्षरं

आमच्या सर्जिकल वॉर्डात कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिथली इन्चार्ज सिस्टर होते. दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं, नाशिकमधलं एक मध्यम खाजगी हॉस्पिटल. कॉम्प्युटर बसवणाऱ्यानं बजावलं होतं, "मॅडम, पाण्याचा थेंबही लागू देऊ नका." त्यामुळे कीबोर्ड पुसायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. टाइप मात्र सगळेच करायचे.

चूक दाखवली ती एका पेशंटनं. कळवणकडच्या एक आजी कॉम्प्युटरच्या काउंटरसमोरच्याच खाटेवर होत्या. आमच्या मोठ्या सर्जननी शेजारच्या पेशंटची चिघळलेली जखम उघडून पाहिली आणि तेच ग्लोव्हज घालून ते रिपोर्ट बघायला कीबोर्डपाशी बसले. ते गेल्यावर मी तिथंच एक डिस्चार्ज कार्ड टाइप केलं नि आजींची पट्टी बदलायला गेले. त्यांनी हात आडवा धरला.

"थांब बाई. त्या डाक्टरनं पुवाचा हात तिथं लावला, आन् तूबी तिथंच बोटं घातली. आधी हात धू."

वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी हात धुवायला सांगितलं नव्हतं. कानशिलं तापली. पण आजींचं खरं होतं. मी हात धुतले, मगच पट्टी बदलली. आठवड्यानं टाके काढून त्या ठणठणीत घरी गेल्या.

त्याच दुपारी मी कॉम्प्युटर बंद करून कीबोर्ड पालथा आपटला. बिस्किटाचा चुरा, केस, कापसाचे धागे पडले. स्पिरिटचा बोळा घट्ट पिळून एकेक बटण पुसलं. मग भिंतीवर कागद चिकटवला: दर शिफ्टला कीबोर्ड पुसायचा, ग्लोव्हज काढून, हात धुऊनच त्याला शिवायचं. परवानगी कुणाची विचारली नाही. वॉर्ड माझा होता.

काही महिन्यांत स्पिरिटनं बटणांवरची अक्षरं उडाली. माझं काही अडलं नाही. दहावीनंतर देवळाली कॅम्पात टायपिंगचा क्लास केला होता, बोटांना जागा पाठ होत्या. मोठे सर मात्र एका बोटानं टाइप करायचे. एका सकाळी राउंडच्या मध्येच ते ओरडले, "सिस्टर, यातला एस कुठे गेला?"

"पुसून पुसून गेला, सर."

"मग मी लिहू कसं?"

त्यांच्या हातात पेशंट तपासतानाचे ग्लोव्हज तसेच होते.

"हात धुऊन या, सर. मग दाखवते."

ज्युनिअर डॉक्टर फरशीकडे बघू लागले. सर ग्लोव्हज काढून बेसिनकडे गेले, हात पुसत परत आले आणि म्हणाले, "हं, दाखवा."

त्यांच्याच सहीनं नवा कीबोर्ड आला, वर पारदर्शक रबरी कव्हर. ते काढून साबणानं धुता यायचं.

शेजारच्या वॉर्डच्या सिस्टरनं विचारलं, "मोठ्या सरांना सांगितलंस तरी कसं?"

"मराठीत," मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात तिच्या काउंटरवरही स्पिरिटची बाटली दिसली.