दुसरी सही

जुबेदाचाचींच्या नवऱ्याच्या कबरीकडे जाणारी वाट गेल्या मंगळवारी सकाळी बिल्डरच्या माणसांनी पत्रे ठोकून बंद केली. तेव्हापासून चाची पत्र्याबाहेरूनच फातिहा पढतात. शीळफाट्याजवळचं हे कब्रस्तान वक्फचं आहे, म्हणजे धर्मासाठी कायमची दिलेली जमीन.

मी दुपारीच वक्फ कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटला. तिथले कारकूनकाका मला चांगले ओळखून आहेत. म्हणाले, "आधी बस. ओरडून झालं की अर्ज दे." अर्ज मोठ्याने वाचायची त्यांना सवय आहे. माझा 'जाहीर धिक्कार' त्यांनी खोडला आणि विचारलं, "पत्रे किती रे? ते लिहिलंच नाहीस!" मला ते माहीतच नव्हतं.

शुक्रवारी ते स्वतः रिक्षा करून पाहणीला आले. चपला बाहेर काढून काट्याकुट्यांतून आत शिरले आणि पत्रे मोजू लागले. "काका, उन्हात कशाला? गाडीत एसी चालू आहे," बिल्डरचा माणूस म्हणाला. "मग तुम्ही बसा ना," म्हणत त्यांनी पंचनामा लिहायला घेतला.

दोन पंचांच्या सह्यांशिवाय तो टिकत नाही. मी अर्जदार, माझी सही चालत नाही. एक सही समोर मासे विकणाऱ्या मावशींनी केली. दुसऱ्या सहीला भर रस्त्यात कोणी मिळेना.

मी म्हटलं, "तुमच्या रिक्षावाल्याची घ्या की."

"त्याने ही वाट कधी पाहिलीय का? रोजचा माणूस हवा. सोमवारी दहाला परत येतो."



शीळफाट्यावरून येणारे-जाणारे तुम्ही ती वाट रोज बघता. सोमवारी दहाला या आणि सही करा.